ईव्हीडी लावलेला पेशंट सांभाळताना

प्रश्न विचारणाऱ्या ताई जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहेत. त्यांच्याकडे न्यूरोसर्जन बाहेरून येतात, ईव्हीडी (एक्स्टर्नल वेंट्रिक्युलर ड्रेन, म्हणजे मेंदूत साठलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) घालून जातात आणि ऑर्डरमध्ये ‘ईव्हीडी १५ ला ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यांनी विचारलंय: हे १५ कुठून मोजायचं? रात्री थेंब थांबले तर काय करायचं? एक जण म्हणतो चेंबर (ते पाणी थेंबाथेंबाने पडतं ते भांडं) खाली घ्या, दुसरा म्हणतो सलाइनने फ्लश करा. आणि दिवसाला किती पाणी आलं म्हणजे ठीक समजायचं?

ताई, फ्लश करू नका. हे आधी सांगते, कारण आज रात्रीच कुणाला याची गरज पडू शकते. या नळीतून मेंदूच्या दिशेने काहीही ढकलायचं असेल तर ते न्यूरोसर्जनने किंवा त्यांनी शिकवून, परवानगी देऊन नेमलेल्या डॉक्टरने करायचं. आता बाकीचं सविस्तर सांगते. मी बरीच वर्षं न्यूरो आयसीयूत काम करते आहे आणि नवीन येणाऱ्या मुलींना हे सगळं बेडजवळ उभं करूनच शिकवते. लिहून सांगताना थोडं लांबेल.

मोठ्या माणसाच्या मेंदूत ताशी साधारण २० मिली सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मणक्यातलं पाणी, तयार होतं, म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा लिटर. पण एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून असतं जेमतेम १५० मिली. म्हणजे हे पाणी दिवसातून तीनेकदा नव्याने भरतं आणि तितक्याच वेगाने रक्तात शोषलं जातं. वेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत) रक्त उतरलं, ॲन्युरिझम (रक्तवाहिनीवरचा फुगा) फुटलं, टीबी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग) झाला किंवा मेंदूच्या मागच्या भागातल्या गाठीने वाट अडवली की तयार होणं सुरूच राहतं आणि निचरा थांबतो. कवटी ताणत नाही. दाब वाढतो आणि मेंदूला जाणारं रक्त कमी होत जातं. म्हणून कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागे, बहुतेक वेळा उजव्या बाजूला छिद्र पाडून नळी थेट वेंट्रिकलमध्ये सोडतात आणि चामडीखालून काही सेंटिमीटर फिरवून दुसऱ्या जागेतून बाहेर काढतात. तिथून पुढे थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), लांब नळी, स्टँडवर टांगलेलं चेंबर आणि खाली पिशवी.

या सगळ्या मांडणीत कुठेही वॉल्व्ह नाही, आणि माझ्या मते ईव्हीडीबद्दल समजून घ्यायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. शंटमध्ये, म्हणजे पाणी शरीराच्या आतच दुसरीकडे वळवणाऱ्या नळीत, ठरावीक दाबाला उघडणारा वॉल्व्ह बसवलेला असतो. पेशंट बसो, झोपो, चालो, तो आपलं काम करत राहतो. ईव्हीडीत मात्र किती दाबाला पाणी बाहेर पडेल हे फक्त चेंबरच्या उंचीवर ठरतं. गवंडी दोन भिंतींवर एकच पातळी आणायला पाणी भरलेली पारदर्शक नळी धरतो, तेच तत्त्व इथे आहे. चेंबर १५ सेंटिमीटर वर असेल तर डोक्यातला दाब १५ सेंटिमीटर पाण्याच्या वर गेल्यावरच थेंब पडेल. म्हणजे वॉल्व्हचं काम त्या ड्युटीवरची सिस्टर करत असते. बेडचं हँडल कुणी फिरवलं, पेशंट उशीवरून घसरला, स्टँडचा स्क्रू सैल झाला, की ऑर्डर न बदलता ट्रीटमेंट बदललेली असते.

आता तुमचं १५. पहिला प्रश्न, १५ कशाचे? चेंबर ज्यावर बसवतात त्या बहुतेक पॅनलवर दोन पट्ट्या छापलेल्या असतात, एक सेंटिमीटर पाण्याची आणि दुसरी मिलिमीटर पाऱ्याची. १ मिमी पारा म्हणजे १.३६ सेंमी पाणी. १५ सेंमी पाणी म्हणजे जेमतेम ११ मिमी पारा, आणि १५ मिमी पारा म्हणजे २० सेंमी पाणी. चुकीची पट्टी वाचली तर चेंबर पाच सेंटिमीटरने हुकतं, आणि ज्याचं ॲन्युरिझम अजून बंद केलेलं नाही अशा पेशंटमध्ये हा फरक किरकोळ नसतो. म्हणून आकड्यासोबत एकक लिहून घ्याच.

दुसरा प्रश्न, शून्य कुठे? आपल्याला आतल्या मॉन्रोच्या छिद्राची, म्हणजे वेंट्रिकलना जोडणाऱ्या वाटेची, पातळी हवी असते. ते दिसत नाही, म्हणून बाहेरची खूण धरतात. पेशंट पाठीवर असेल तर ट्रॅगस, म्हणजे कानाच्या छिद्रापुढचा तो छोटा कुर्चेचा उंचवटा. पेशंट कुशीवर असेल तर दोन भुवयांच्या मधली जागा. काही युनिट डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कान यांच्या मधली जागा धरतात. तसं असेल तर सगळ्यांनी तीच धरावी. एका शिफ्टने कान आणि दुसरीने डोळा धरला तर चार्टमधल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. शून्य लावताना नजरेवर विसंबू नका. बुडबुड्याची लेव्हल पट्टी किंवा लेझर वापरा. साधी लेव्हल पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, स्वच्छ पुसून स्टँडला बांधून ठेवता येते.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. १५ च्या रेषेवर चेंबरचा वरचा भाग यायला हवा, जिथून थेंब आत पडतो. आत साठलेल्या पाण्याची पातळी किंवा चेंबरचा तळ तिथे आणायचा नसतो.

डॉक्टर निघण्याआधी, नाहीतर फोनवर, पाच गोष्टी विचारून लिहून घ्या: उंची आणि एकक, शून्याची खूण, ड्रेन सतत उघडा ठेवायचा की बंद ठेवून दाब वाढला तरच उघडायचा, तासाला जास्तीत जास्त किती मिली जाऊ द्यायचं, आणि कोणत्या आकड्याला फोन करायचा. हे विचारताना संकोच वाटतो, मला माहीत आहे. ‘सिस्टर, एवढंही कळत नाही का’ असं ऐकावं लागेल की काय, अशी भीती असते. तरीही विचारा. जो सर्जन दुसऱ्या गावी परत जाणार आहे, त्याला या पाच ओळींची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे.

चेंबर खाली गेलं तर काय होतं ते डोळ्यांसमोर ठेवा. पाणी भराभर निघतं, वेंट्रिकल आकसतात, मेंदूचा पृष्ठभाग कवटीपासून खेचला जातो आणि तिथल्या बारीक शिरा फाटून सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली) रक्तस्राव होऊ शकतो. ॲन्युरिझम मोकळं असेल तर बाहेरचा दाब अचानक उतरल्याने ते पुन्हा फुटण्याचा धोका असतो. मागच्या भागात गाठ असेल तर लहान मेंदू वरच्या दिशेने सरकू शकतो. चेंबर फार वर गेलं तर उलट: पाणी निघत नाही, दाब चढतो, पेशंट गुंगीत जातो. दोन्ही प्रकार आवाज न करता घडतात. मॉनिटरला ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) जोडलेला नसेल तर अलार्मही वाजत नाही.

म्हणून आमच्याकडे पद्धत एकच आहे. पेशंटला हात लावण्याआधी क्लॅम्प, म्हणजे नळी बंद. वळवायचं असो, बेड वर-खाली करायचा असो, फिजिओथेरपी असो, शीटवर सरकवायचं असो, आधी क्लॅम्प, मग काम, मग लेव्हल, मग उघडणं. सक्शनच्या वेळी खोकल्याने एकदम पाणी उसळतं, तेव्हाही थोड्या वेळासाठी बंद करा. पण ज्याचा दाब आधीच जास्त आहे त्याच्याबाबत डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि ज्याने क्लॅम्प केला त्यानेच उघडायचा. मध्येच दुसऱ्या बेडला हाक आली, तर जाण्याआधी कुणाला तरी स्पष्ट सांगून जा. विसरलेला क्लॅम्प हा ईव्हीडीतला सगळ्यात साधा आणि सगळ्यात घातक प्रकार आहे. चेंबरमध्ये थेंब नाही, चार्टमध्ये ‘० मिली’ लिहिलं जातं, आणि पुढच्या शिफ्टला वाटतं पेशंट सुधारतोय.

नातेवाइकांना आणि मावशींना, वॉर्डबॉयना हे समजावून सांगावं लागतं. बाबांना जरा टेकून बसवू या म्हणून मुलगा मायेने बेडचं हँडल फिरवतो, त्यात त्याचा काय दोष? बेडच्या पायाशी मोठ्या अक्षरांत मराठीत कागद लावा: ‘डोक्यातल्या पाण्याची नळी आहे. बेड हलवण्याआधी सिस्टरला बोलवा.’ आम्ही नातेवाइकांना चेंबर दाखवतो आणि दोन मिनिटांत समजावतो. एकदा कळलं की ते आपल्यापेक्षा जास्त पहारा देतात.

किती मिली आलं म्हणजे ठीक, याला एक आकडा नाही. दर तासाला मोजा, रंग लिहा, आणि मागच्या तासांशी ताडून पाहा. वाट पूर्ण अडलेली असेल तर दिवसाला तीन-चारशे मिलीही येईल, कारण तेवढं तयारच होतंय. निचरा थोडा सुरू झाला असेल तर शंभरही येणार नाही, आणि तेच चांगलं लक्षण असू शकतं. ‘आज कमी आलंय’ म्हणून कोटा भरायला चेंबर खाली घेणं, हे मी पाहिलेलं आहे आणि ते फार धोक्याचं आहे. उंची ही ऑर्डर आहे. पाणी किती येतं हा तिचा परिणाम. तासाला ठरलेली मर्यादा ओलांडली, किंवा मर्यादा लिहिलेली नसताना २० मिलीच्या वर जाऊ लागलं, तर आधी लेव्हल तपासा. ती बरोबर असेल तर क्लॅम्प करून फोन लावा आणि फोन होईपर्यंत पेशंटपासून हलू नका. फार पाणी जातंय तेव्हा सोडियमवरही लक्ष ठेवा. सीएसएफच्या प्रत्येक लिटरमध्ये रक्ताइतकंच, किंबहुना किंचित जास्त सोडियम असतं. लहान बाळांमध्ये तर गेलेल्या पाण्याची भरपाई शिरेतून करावी लागते, त्याची ऑर्डर वेगळी मागून घ्या.

आता थेंब थांबण्याबद्दल. नळीकडे बघण्याआधी पेशंटकडे बघा. जीसीएस (शुद्धी मोजायचा आकडा) किती, मघापेक्षा कमी झालाय का, प्युपिल (डोळ्यांच्या बाहुल्या) दोन्ही सारख्या आहेत का, टॉर्चला आकसतात का, बीपी चढून नाडी मंद झाली आहे का. यात काही बिघडलं असेल तर पुढची तपासणी करता करताच दुसऱ्या कुणाला तरी फोन करायला सांगा.

पेशंट आहे तसाच असेल तर डोक्यापासून पिशवीपर्यंत बोटाने नळी चाचपत जा. ड्रेसिंगखाली नळी दुमडली आहे का? मान वळल्याने दबली आहे का? थ्री-वेचे कान कुठल्या दिशेला आहेत? एखादा क्लॅम्प बंद राहिला का? चेंबरच्या वर हवेचा फिल्टर असतो, तो ओला झाला आहे का? सीटीला नेताना चेंबर आडवं झालं की पाणी फिल्टरला लागतं, हवा बाहेर पडत नाही आणि थेंब अडतो. अशा वेळी दोष डोक्यात नसतो, चेंबरमध्ये असतो, आणि सेट निर्जंतुक पद्धतीने बदलावा लागतो. मग नळीतल्या पाण्याच्या कडेकडे बारकाईने पाहा. श्वासाबरोबर, नाडीबरोबर ती कड वर-खाली हलत असेल तर नळी उघडी आहे. दाबच चेंबरच्या उंचीपेक्षा कमी असल्याने थेंब पडत नाही. ती अजिबात हलत नसेल, तर चेंबर काही क्षण खाली घ्या, एक-दोन थेंब पडतात का बघा, आणि लगेच मूळ जागी आणा. चेंबर खाली घेण्याचा सल्ला एवढ्यापुरताच खरा आहे. तिथे ठेवून द्यायचं नाही. तेवढ्यानेही थेंब पडला नाही तर नळी रक्ताच्या गुठळीने किंवा मेंदूच्या कणांनी तुंबली आहे, नाहीतर तिचं टोक जागेवरून सरकलं आहे. तिथे आपलं काम संपतं. डॉक्टरांना बोलवा, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात.

फ्लशला मी इतकी का घाबरते? बंद नळीत ढकललेलं सलाइन आधीच ताणलेल्या डोक्यात भर घालतं, गुठळी आणखी आत जाते, आणि प्रत्येक वेळी पोर्ट उघडताना जंतूंना थेट वेंट्रिकलची वाट मिळते.

याच कारणाने रोज सॅम्पल काढायची पद्धतही सोडून द्यायला हवी. न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीच्या २०१६ च्या शिफारशींचा रोख हाच आहे: नळी विनाकारण हाताळू नका आणि ठरावीक दिवसांनी ती सरसकट बदलूही नका. ताप, शुद्धीत घट, गढूळ पाणी अशी काही शंका असेल तेव्हाच सॅम्पल घ्या. ते डोक्याजवळच्या पोर्टमधून, मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घालून, अगदी हळू काढायचं. पिशवीतलं पाणी कल्चरला पाठवू नका. ते शिळं असतं. पोर्ट पुसल्यावर औषध पूर्ण वाळू द्या, कारण क्लोरहेक्सिडिन किंवा स्पिरिट आत जाणं मेंदूला घातक आहे. सोबत रक्तातली साखरही त्याच वेळी तपासा, नाहीतर सीएसएफच्या साखरेचा अर्थ लागत नाही.

आणि लेबल. नळीवर, थ्री-वेवर, पॅनलवर: ‘ईव्हीडी – इंजेक्शन देऊ नये’. शिरेत द्यायचं औषध चुकून या पोर्टमधून गेलं तर पेशंट दगावू शकतो. आयसीयूत एका पेशंटला चार-पाच नळ्या असतात आणि थ्री-वे सगळे सारखेच दिसतात. ॲसिनेटोबॅक्टर या जंतूच्या वेंट्रिक्युलायटिसमध्ये (वेंट्रिकलच्या संसर्गात) कधी कधी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक थेट वेंट्रिकलमध्ये द्यावं लागतं. ते डॉक्टर देतात. नंतर नळी किती वेळ बंद ठेवायची आणि कधी उघडायची हे वेळेसकट लिहून घ्या.

दाब मॉनिटरवर पाहत असाल तर दोन गोष्टी. ड्रेन उघडा असताना दिसणारा आकडा खरा नसतो. ड्रेनची बाजू बंद करून काही मिनिटं थांबा, लहर स्थिर झाली की आकडा लिहा आणि पुन्हा उघडा. आणि आर्टरियल लाइनच्या (बीपी मोजायला धमनीत घातलेल्या नळीच्या) सवयीने या ट्रान्सड्यूसरला प्रेशर बॅग कधीही लावू नका. तिथे दर तासाला थोडं सलाइन आपोआप आत जात राहतं, इथे ते मेंदूत जाईल. हेपॅरिन हे गुठळी रोखणारं औषधही नको. मोठ्या माणसात ५ ते १५ मिमी पारा हा साधारण दाब. डोक्याला मार लागलेल्यांमध्ये २२ च्या वर उपचार सुरू करावेत अशी ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनची २०१६ ची शिफारस आहे. तुमच्या पेशंटचा आकडा मात्र तुमच्या सर्जनने सांगितलेला धरा.

रंग अचानक ताजा लाल झाला तर ती बातमी एका मिनिटात डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे. जुन्या रक्ताचा रंग दिवसागणिक फिका, पिवळट होत जातो. उलटा प्रवास कधीच साधा नसतो.

नळी पेशंटने ओढून काढली तर परत आत सरकवू नका. निर्जंतुक गॉज दाबून धरा, डोकं वर ठेवा, फोन करा. जोड मधूनच सुटला तर डोक्याजवळ क्लॅम्प करा, उघडं टोक निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळा. सुटलेली टोकं पुन्हा जोडू नका. हे टाळण्यासाठी नळीचा एक सैल वेढा डोक्याच्या ड्रेसिंगवर चिकटवून ठेवा, म्हणजे ओढ टाक्यावर येत नाही.

मोठ्या शहरात रेफर करायचं असेल तर निघण्याआधी चेंबर पिशवीत रिकामं करा आणि प्रवासात ते उभंच राहील अशी सोय करा. सीटीपुरता क्लॅम्प बहुतेकांना सोसतो, पण ॲम्ब्युलन्सचे तीन-चार तास सगळ्यांना सोसत नाहीत. वाटेत उघडा ठेवायचा की बंद, किती वेळाने उघडून बघायचं, हे ऑर्डरमध्ये हवं, आणि सोबत ईव्हीडी समजणारी व्यक्ती हवी.

टीबी मेनिंजायटिसबद्दल थोडं, कारण आपल्याकडे हे पेशंट फार आहेत. वेल्लोरच्या सीएमसीतल्या डॉक्टरांनी १९९१ साली या पेशंटची शुद्धीनुसार चार श्रेणींची मांडणी प्रसिद्ध केली. चौथ्या श्रेणीत, खोल बेशुद्धीत असलेल्यांना अनेक ठिकाणी आधी ईव्हीडी घालून एक-दोन दिवस पाहतात आणि सुधारणा दिसली तर शंट करतात. म्हणजे तुमचा दर तासाचा जीसीएस हाच त्या निर्णयाचा आधार असतो. ‘आहे तसाच’ असं लिहू नका. डोळे कशाला उघडले, हात कुठे नेला, ते लिहा. शंटचा खर्च ऐकून घरचे घाबरतात, तेव्हा त्यांना सांगता येईल असं एक: आपल्याकडे बनणारा छाब्रा शंट आणि कित्येक पटींनी महाग परदेशी शंट यांची युगांडात मुलांमध्ये तुलना झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नव्हता.

शेवटी नळी काढण्याचा टप्पा. चेंबर रोज थोडं वर नेत जायचं की एकदम क्लॅम्प करून पाहायचं, यावर सर्जनांची मतं वेगळी असतात. ॲन्युरिझमच्या पेशंटवर अमेरिकेत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळूहळू वर नेल्याने शंटची गरज कमी झाली नाही, आयसीयूतले दिवस मात्र वाढले. पद्धत कोणतीही असो, क्लॅम्पची पहिली रात्र महत्त्वाची. डोकेदुखी वाढणं, उलटी, सुस्ती, नव्याने लघवीवरचा ताबा जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर क्लॅम्प उघडायची परवानगी तुम्हाला आधीच लेखी मिळालेली असावी, म्हणजे फोन लागेपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. नळी काढल्यावर दोन-तीन दिवस ड्रेसिंग आणि उशी दर शिफ्टला हात लावून बघा. पाण्यासारखा ओलावा लागला तर नुसतं ड्रेसिंग बदलून थांबू नका. सर्जनला कळवा, तिथे टाका घालावा लागतो.